कागद खरा, पण मुदत गेली

आजचा विषय कोर्टकचेरीचा आहे, म्हणून रेडिओ बंद करू नका. हा विषय आपल्या पैशाचा आहे, जमिनीचा आहे आणि पोटगीचाही आहे. आणि आमच्या हातून एक चूक झाली, ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून आम्ही आज बोलणार आहोत.

आमच्या बचत गटातल्या एका ताईने आपल्या चुलत दिराला बोअरवेलसाठी चाळीस हजार रुपये हातउसने दिले होते. दोन शेळ्या विकल्या, थोडे साठवलेले घातले. दिराने शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, खाली सही केली, दोन साक्षीदारांनीही सह्या केल्या. परत कधी देणार ते कागदावर लिहिले नव्हते. तोंडी मात्र ठरले होते, पुढच्या सुगीला देतो. सुगी आली आणि गेली. मग दिवाळीनंतर, मग पोरीच्या लग्नानंतर, असे चालू राहिले.

एकदा मासिक बैठकीत ताईने हा विषय काढला होता. तेव्हा आम्हीच तिला म्हणालो, "ताई, नात्यातला व्यवहार आहे, जरा दम धरा." ती गप्प बसली. पुढे वर्षभराने ती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला तो कागद घेऊन आमच्याबरोबर तालुक्याला आली. विधी सेवा समितीतल्या वकील मॅडमनी कागद पाहिला. सही खरी, साक्षीदार खरे, रक्कम खरी. मग त्यांनी वरची तारीख पाहिली आणि बोटांवर मोजले. तीन वर्षे आणि तेवीस दिवस झाले होते.

"तेवीस दिवस आधी आला असता तर," एवढेच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी परतीच्या एसटीत ताई एक शब्द बोलली नाही. आम्हीही बोललो नाही. तेव्हापासून आम्ही मुदतीचा कायदा समजून घेतला. जे समजले ते आज सांगतो.

मुदतीचा कायदा म्हणजे काय?

आपल्या देशात १९६३ सालचा मुदतीचा कायदा आहे. १ जानेवारी १९६४ पासून तो लागू आहे. कोणता दावा किती दिवसांत कोर्टात दाखल व्हायला हवा, ते त्यात लिहिले आहे. मुदत संपल्यावर दावा आला तर कोर्टाने तो फेटाळायचा, असे या कायद्याचे कलम ३ सांगते. समोरच्याने हरकत घेतली नाही तरी फेटाळायचा. म्हणजे न्यायाधीशांना आपली कितीही दया आली, तरी त्यांचे हात बांधलेले असतात.

तुम्ही म्हणाल, हा कसला न्याय? पैसे बुडवणाऱ्याला सूट आणि भोळ्या माणसाला शिक्षा? आम्हालाही तसेच वाटले होते. पण यामागे एक कारण आहे. वर्षे गेली की साक्षीदार मरतात, कागद उंदीर खातात, माणसे विसरतात. तीस वर्षांपूर्वी तुमच्या सासऱ्यांनी पैसे घेतले होते, असे म्हणून उद्या कोणी आपल्याच दारात उभे राहिले तर आपण काय पुरावा देणार? म्हणून कायदा म्हणतो, ज्याचा हक्क आहे त्याने वेळेत जागे व्हावे. ही मुदत आपल्याला अडवते, तशी कधी कधी आपल्याला वाचवतेही.

कशाला किती मुदत?

सगळ्या मुदती पाठ करायची गरज नाही. आपल्या कामाच्या तेवढ्या लक्षात ठेवा.

हातउसने दिलेले पैसे: पैसे दिल्यापासून ३ वर्षे. रोख्यावर किंवा प्रॉमिसरी नोटवर परतफेडीची तारीख लिहिलेली असेल, तर त्या तारखेपासून ३ वर्षे. म्हणून कागद करताना परत देण्याची तारीख जरूर घाला.

फसवून करून घेतलेला दस्त रद्द करणे: ज्या गोष्टीमुळे तो रद्द व्हायला हवा, ती आपल्याला कळल्यापासून ३ वर्षे. भावाने "वारस नोंदीसाठी सही कर" म्हणून बहिणीची हक्कसोडपत्रावर सही घेतली, हे प्रकार आपण सगळ्याच ऐकतो. पण नोंदणी कार्यालयात जाऊन आपण स्वतः अंगठा दिला असेल, तर "मला माहीतच नव्हते" हे नंतर कोर्टाला पटवणे फार अवघड जाते. म्हणून वाचल्याशिवाय सही नाही. आणि शंका आली की तारीख लिहून त्याच आठवड्यात वकिलांकडे जायचे.

एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतला वाटा: आपल्याला वाट्यातून बाहेर काढल्याचे कळल्यापासून १२ वर्षे. भाऊ जमीन कसतो एवढ्याने मुदत सुरू होत नाही. पण "तुझा यात काही वाटा नाही" असे त्याने स्पष्ट सांगितले किंवा नोटिशीला तसे उत्तर दिले, तर तो दिवस महत्त्वाचा. तो लिहून ठेवा.

कोर्टाच्या निकालाची अंमलबजावणी: पैसे किंवा ताबा देण्याचा हुकूमनामा झाल्यापासून १२ वर्षे. निकाल ट्रंकेत ठेवला म्हणजे पैसे येत नाहीत, त्यासाठी दरखास्त करावी लागते.

जिल्हा न्यायालयात अपील: ३० दिवस. उच्च न्यायालयात अपील: ९० दिवस.

ग्राहक आयोगाकडे तक्रार: २ वर्षे. खराब बियाणे, बंद पडलेली शिलाई मशीन, विम्याचा नाकारलेला दावा, हे सगळे यात येते.

चेक न वटणे: इथे दिवस फार थोडे असतात. चेकवरच्या तारखेपासून ३ महिन्यांत तो बँकेत टाकायचा. परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवायची. नोटीस मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस असतात. तेवढ्यात पैसे आले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात कोर्टात तक्रार करायची.

फेरफार: फेरफाराची नोटीस आली की हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली आणि ती मान्य नसेल, तर प्रांतांकडे अपील ६० दिवसांत. फेरफाराने मालकी ठरत नाही हे खरे, पण नोंद एकदा बसली की ती काढायला चपला झिजतात.

पोटगी: कोर्टाने महिन्याची पोटगी ठरवून दिली आणि नवऱ्याने थकवली, तर ती थकल्यापासून एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करायचा. "एकदम तीन वर्षांची मागू" म्हणून थांबलात तर जुनी थकबाकी या मार्गाने वसूल करणे अडते. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण, घर किंवा खर्च मागणाऱ्या अर्जाला मात्र एका वर्षाची अट लावता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा "आता उशीर झाला" म्हणून कुणी परत पाठवले तर ऐकू नका.

दिवस कसे मोजायचे?

ज्या दिवशी गोष्ट घडली तो दिवस धरायचा नाही. १५ जूनला पैसे दिले, तर १६ जूनपासून मोजायचे. तीन वर्षांनंतरचा १५ जून हा शेवटचा दिवस. त्या दिवशी कोर्टाला सुट्टी असेल, तर कोर्ट उघडेल त्या दिवशी दाखल करता येते. अपिलासाठी निकालाची नक्कल लागते. नक्कल मिळायला जितका वेळ लागला, तो मुदतीतून वजा होतो. म्हणून निकाल लागला की लगेच नकलेचा अर्ज करा आणि अर्जाची तारीख व नक्कल मिळाल्याची तारीख दोन्ही जपा.

मुदत कशाने थांबत नाही, ते आता नीट ऐका. आपल्या बायकांचे सगळ्यात जास्त नुकसान इथेच होते. तंटामुक्ती समितीकडे अर्ज दिला, म्हणून मुदत थांबत नाही. पोलीस पाटलांना सांगितले, सरपंचांनी बैठक घेतली, भावकीने समजावले, म्हणून थांबत नाही. वकिलांची नोटीस पाठवली म्हणूनही थांबत नाही. बोलणी जरूर करा, समेट झाला तर चांगलेच आहे. पण बोलणी चालू असताना दिवसही चालूच असतात. समोरच्याला हे माहीत असले तर तो मुद्दाम गोड बोलत दिवस काढतो.

मुदत नव्याने कशी सुरू होते?

देणेकऱ्याने मुदत संपण्याच्या आत "मी अमुक इतके देणे लागतो" असे लिहून सही केली, तर त्या दिवसापासून मुदत पुन्हा नव्याने सुरू होते. थोडे पैसे परत दिले तरी तसेच होते. पण ते दिल्याचे त्याच्या हातचे लिखाण किंवा सही हवी. नुसते पाचशे रुपये हातात ठेवून गेला, तर उद्या तो नाही म्हणू शकतो. म्हणून पैसे घेताना वही पुढे करा: "अमुक तारखेच्या उसनवारीपैकी इतके दिले, इतके बाकी," आणि त्याची सही घ्या. लाजायचे नाही. आपल्या गटात हप्ता भरताना आपण सही घेतोच की. गटाच्या कर्ज खात्यावरची सहीसुद्धा याच कारणासाठी मोलाची आहे. ती कधी चुकवू नका.

आमच्या ताईचे काय, असे तुम्ही विचाराल. वकील मॅडमनी समजावून सांगितले की मुदत गेली म्हणजे कर्ज मिटले असे नाही. फक्त कोर्टाचे दार बंद झाले. दिराने आपणहून पैसे दिले तर ते ताईचेच आहेत. आणि मुदत गेल्यानंतरसुद्धा "मी हे पैसे देईन" असे त्याने नव्याने लिहून सही करून दिले, तर ते वचन कायद्याने धरता येते. आम्ही पाच जणी त्याच्या घरी गेलो. चहा दिला त्याने. सही मात्र दिली नाही. म्हणाला, "वहिनीचे पैसे मी ठेवणार नाही, सहीचे कशाला?" ताईचे पैसे अजून आलेले नाहीत.

उशीर माफ होतो का?

होतो, पण सगळ्या ठिकाणी नाही. एवढे एक वाक्य आजच्या बोलण्यातून घरी न्या: मूळ दाव्याचा उशीर माफ होत नाही, अपिलाचा आणि अर्जाचा होऊ शकतो.

मुदतीच्या कायद्याचे कलम ५ सांगते की अपील किंवा अर्ज उशिरा आला आणि उशिराला पुरेसे कारण होते असे कोर्टाला पटले, तर कोर्ट तो घेऊ शकते. यासाठी विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो. पैसे वसुलीचा, वाटपाचा, दस्त रद्द करण्याचा जो पहिला दावा असतो, त्याला हे कलम लागत नाही. म्हणूनच ताईला तेवीस दिवसांची माफी मिळाली नाही.

आता दुसरी गोष्ट ऐका. आमच्या शेजारच्या गावातल्या एका मावशींच्या विरोधात बांधाच्या दाव्याचा निकाल लागला. अपिलाला ३० दिवस होते. दहाव्या दिवशी मावशी गोठ्यात घसरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले. उठून बसेपर्यंत मुदत जाऊन ४१ दिवस झाले होते. त्यांच्या सुनेने दवाखान्यातून सोडल्याचे कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले सगळे जपले होते. विलंब माफीच्या अर्जाला ते जोडले. समोरच्यांनी हरकत घेतली. कोर्टाने समोरच्यांना हजार रुपये खर्च देण्याच्या अटीवर उशीर माफ केला आणि अपील दाखल करून घेतले. मावशी अपील जिंकल्या असे नाही, ते अजून चालू आहे. पण त्यांचे म्हणणे ऐकले जाईल, एवढे दार उघडे राहिले.

ताईचा उशीर तेवीस दिवसांचा, मावशींचा एकेचाळीस. तरी मावशींना माफी मिळाली आणि ताईला नाही. फरक दिवसांचा नाही, एकीचा मूळ दावा होता आणि दुसरीचे अपील.

कोर्ट कारण कसे पाहते? १९८७ मध्ये काटीजी नावाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की उशिराचे कारण फार काटेकोर होऊन, तासातासाचा हिशेब मागत पाहू नये. माणूस मुद्दाम उशीर करत नाही, कारण उशिरात त्याचेच नुकसान असते. तेव्हा कोर्टे मन मोठे ठेवतात. पण कारण खरे हवे, कागदाने दाखवता यायला हवे. आजारपण, बाळंतपण, घरातला मृत्यू, पुराने रस्ता बंद, समन्स आपल्यापर्यंत पोहोचलेच नाही, ही कारणे पटू शकतात. "कायदा माहीत नव्हता" किंवा "कामात होते" एवढ्याने भागत नाही.

समन्सचे तर विसरूच नका. घरातल्या कुणी ते घेतले, देव्हाऱ्यामागे खोचून ठेवले आणि इकडे एकतर्फी निकाल झाला, असे होते. तो निकाल रद्द करायला निकालापासून ३० दिवस असतात. समन्स रीतसर बजावलेच गेले नसेल, तर निकाल कळल्यापासून ३० दिवस. यालाही विलंब माफी मागता येते.

ग्राहक आयोग, चेकची तक्रार आणि प्रांतांकडचे अपील यांतही पुरेसे कारण दाखवून उशीर माफ करून घेता येतो. काही ठिकाणी मात्र माफीलाही हद्द आहे. कामाच्या जागी लैंगिक छळ झाला तर समितीकडे तक्रार ३ महिन्यांत करायची. समिती कारण लिहून आणखी ३ महिने वाढवू शकते, त्याहून जास्त नाही.

अजून काही वेळा कायदा स्वतःच थांबतो. मूल अठराच्या आतले असेल, तर त्याची मुदत ते सज्ञान झाल्यावर सुरू होते. पालकाने त्याची जमीन विकली असेल, तर ती विक्री रद्द करायला अठरा पूर्ण झाल्यापासून ३ वर्षे मिळतात. विधवा बहिणींनो, आपल्या लेकरांसाठी हे लक्षात ठेवा. कुणी फसवून गोष्ट लपवली असेल, तर ती फसवणूक कळल्यापासून, किंवा नीट चौकशी केली असती तर कळली असती तेव्हापासून मुदत मोजतात. चुकून पण प्रामाणिकपणे भलत्याच कोर्टात गेलो आणि त्या कोर्टाला अधिकार नव्हता, तर तिथे गेलेला वेळ वजा होतो. करोनाच्या काळात सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ सगळ्यांच्याच मुदतीतून वगळला होता. तशी सूट रोज मिळत नाही.

मग आपण काय करायचे?

आमच्या गटाने त्या दिवसानंतर एक वही केली. तिला आम्ही तारखांची वही म्हणतो. साधी शंभर पानी वही आहे. पाच रकाने: कुणाचा कागद, कसला कागद, कागदावरची तारीख, आपल्या हातात आल्याची तारीख, शेवटची तारीख. शेवटची तारीख आम्ही मनाने लिहीत नाही, वकिलांना विचारून लिहितो. आणि तिच्या आधी सहा महिने लाल पेनने खूण करतो. मासिक बैठकीत बचत मोजून झाली की ती वही उघडतो. जिला वाचता येत नाही तिचा कागद दुसरी वाचते. नोटिशीचा लिफाफासुद्धा फेकायचा नाही, कारण त्याच्यावर टपालाचा शिक्का असतो.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत, ही अडचण सांगू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे कोणत्याही बाईला मोफत वकील मिळतो. तिचे उत्पन्न किती, हे विचारले जात नाही. तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येते.

आणि एक आमच्यासाठी, म्हणजे गट चालवणाऱ्यांसाठी. कुणी बाई बैठकीत आपल्या पैशाचे, जमिनीचे दुखणे काढेल, तेव्हा "दम धरा" म्हणण्याआधी एक प्रश्न विचारायचा: "कागदावर तारीख कोणती आहे?" आम्ही तो प्रश्न तेव्हा विचारला असता तर ताईकडे जवळजवळ वर्ष शिल्लक होते.

आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा, पिशव्या काढा. प्रत्येक कागदावरची तारीख बघा. मुदत जवळ आली असेल तर सोमवारची वाट पाहू नका.

येतो आम्ही. नमस्कार.